धूसर शोधसाधनांतील जुळणी व क्रमनिर्णय : अहिल्यानगर जिल्ह्यातील स्थलनामांच्या अनुषंगाने

प्रवरेच्या काठावरील जोर्वे, नेवासे आणि दायमाबाद ही तीन गावे दख्खनच्या ताम्रपाषाणयुगाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहेत. जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये व नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन झाले. दायमाबाद हे स्थळ १९५८ साली उजेडात आले आणि तेथील काम खंड पडत पडत १९७९ पर्यंत चालले. ह्या गावांची नावे मात्र लेखनात एकरूप नाहीत. जोर्वे हे कोठे जोरवे असे आढळते. दायमाबादचे दैमाबाद होते. नेवासे हे नाव जुन्या मुद्रणात अंत्य अनुस्वारासह नेवासें असे येते, १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांनंतर अनुस्वार गळून नेवासे असे येते, आणि शासकीय व्यवहारात नेवासा असेही येते. श्रीगोंदे-श्रीगोंदा, अकोले-अकोला, कळसूबाई-कळसुबाई ही ह्याच जातीची उदाहरणे होत.

छापील सूचीत अशा भेदांचा उपद्रव बेताचा असतो. दोन्ही रूपे एकाच पानावर जवळजवळ येतात व वाचकाचा डोळा ती आपोआप एकत्र करतो. परंतु टिपणे, छायाचित्रे व क्षेत्रकार्यातील ध्वनिमुद्रणे संगणकावर हजारो फाइलींच्या रूपाने साठविली गेली की डोळ्याचे हे काम शोधसाधनाकडे जाते. ते साधन दोन रूपांना एक मानते की नाही, ह्यावर अभ्यासकाच्या हाती साधनसामग्री किती येणार हे ठरते. शोधात एखादी फाइल आली नाही, तर ती संग्रहातच नाही असा समज होणे अगदी सुलभ असते, आणि असा समज पुढे प्रबंधात विधानाचे रूप घेऊन बसतो. म्हणून ह्या साधनांचे अंतरंग भाषाभ्यासकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

अलीकडे ज्यांना ‘फझी फाइंडर’ म्हणतात, त्यांना येथे धूसर शोधसाधने म्हटले आहे. त्यांतील बहुप्रचलित साधन म्हणजे जुनगन चोई यांनी २०१३ साली सिद्ध केलेले ‘एफझेडएफ’. त्याची आज्ञावली सर्वांस वाचावयास खुली असल्यामुळे त्यातील नियमांची पडताळणी कोणासही करता येते, व पुढील विवेचनात प्रामुख्याने त्याचाच आधार घेतला आहे.

अशा साधनाच्या कार्याचे दोन टप्पे असतात. पहिला जुळणीचा, दुसरा क्रमनिर्णयाचा. जुळणीचा नियम आश्चर्य वाटावे इतका साधा आहे. शोधकाने टंकलेली अक्षरचिन्हे त्याच क्रमाने फाइलीच्या नावात आढळली, मग त्यांच्यामध्ये इतर कितीही चिन्हे असोत, की जुळणी झाली. ‘पनर’ एवढे टंकले असता ‘पारनेर’ सापडते. प, त्यानंतर कोठेतरी न, त्यानंतर कोठेतरी र, एवढीच अट असते. दोन शब्द मोकळी जागा सोडून टंकले तर प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे जुळावा लागतो, मात्र त्यांचा आपसांतील क्रम कोणताही चालतो.

ह्या नियमाला ‘धूसर’ म्हणणे काहीसे दिशाभूल करणारे आहे. तो गाळलेले क्षमा करतो, चुकलेले क्षमा करीत नाही. ‘नवस’ टंकून नेवासे, नेवासा व नेवासें ही तिन्ही रूपे मिळतात. परंतु ‘नेवासा’ असे संपूर्ण व काळजीपूर्वक टंकले की ‘नेवासे’ नावाची एकही फाइल समोर येत नाही, कारण अखेरचा आकार तेथे नाहीच. त्याचप्रमाणे ‘दैमाबाद’ टंकणाऱ्यास ‘दायमाबाद’ कधीच दिसणार नाही. जो शोधक अधिक नेमकेपणाने लिहितो त्याचेच अधिक नुकसान होते, हा ह्या पद्धतीचा विरोधाभास होय.

चुकलेलेही क्षमा करणारी पद्धत निराळी आहे आणि तिचा इतिहास जुना आहे. १९१८ साली अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी ‘साउंडेक्स’ पद्धतीचे एकस्व घेतले. तीत आडनावाचे पहिले अक्षर ठेवून पुढील स्वर गाळीत, आणि उच्चारदृष्ट्या सजातीय व्यंजनांना एकच अंक देत. ब, प, फ, व ह्या ध्वनींची रोमन अक्षरे एका गटात, द व त यांची दुसऱ्या गटात, अशी ती मांडणी. वर्णमालेतील वर्गव्यवस्था ज्यास ठाऊक आहे त्याला ह्यात नवल वाटू नये. किंबहुना प्रातिशाख्यकारांच्या स्थानप्रयत्नविवेकापुढे रसेलची विभागणी ओबडधोबडच ठरेल. १९६४ मध्ये फ्रेडरिक डॅमरो यांनी दाखविले की लेखनदोषांपैकी ८० टक्क्यांहून अधिक दोष चारच प्रकारांत बसतात : एक अक्षर गळणे, एक वाढणे, एकाच्या जागी दुसरे येणे, आणि शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल होणे. १९६५ मध्ये व्लादिमिर लेव्हेन्श्टाइन या रशियन गणितज्ञाने एका शब्दापासून दुसऱ्या शब्दापर्यंत जाण्यास कमीत कमी किती बदल लागतात, ह्या अंतराची व्याख्या दिली. ‘नेवासे’ आणि ‘नेवासा’ यांतील असे अंतर १ आहे, ‘दैमाबाद’ आणि ‘दायमाबाद’ यांतील २. भाषाशास्त्रात ह्याच अंतराचा उपयोग ब्रेट केसलर यांनी १९९५ मध्ये आयरिश बोलींच्या तुलनेसाठी केला, व तेव्हापासून बोलीमापनाचे ते एक रूढ साधन झाले आहे.

फाइली शोधणाऱ्या साधनांनी मात्र अंतराची ही पद्धत सहसा स्वीकारलेली नाही. कारण असे की शोधक चार-पाच चिन्हे टंकतो आणि फाइलीचा मार्ग पन्नास-साठ चिन्हांचा असतो. तेव्हा अंतर मोजले तर ते सर्वत्र प्रचंडच येणार. शिवाय प्रत्येक टंकणीसरशी उत्तर बदलले पाहिजे, आणि लक्षावधी नावे क्षणार्धात चाळावयाची असतात.

जुळलेल्या शेकडो नावांतून कोणते वर ठेवावयाचे, हा दुसऱ्या टप्प्यातील प्रश्न अधिक रंजक आहे. येथे जी युक्ती वापरली जाते ती रेणवीय जीवशास्त्रातून आली. प्रथिनांतील घटकांच्या दोन मालिका शेजारी ठेवून त्यांतील सदृश भाग कसे ओळखावेत ह्यासाठी टेंपल स्मिथ व मायकेल वॉटरमन यांनी १९८१ साली एक गणनपद्धती मांडली. जुळलेल्या प्रत्येक घटकाला गुण द्यावयाचे, मध्ये पडलेल्या खंडाबद्दल गुण वजा करावयाचे, आणि सर्व शक्य मांडण्यांतून महत्तम गुणांची मांडणी एका कोष्टकाच्या साहाय्याने काढावयाची, असे तिचे स्वरूप आहे. एफझेडएफच्या २०१७ पासूनच्या आवृत्त्यांत तिचेच रूपांतर योजिले आहे.

त्यातील गुणांकन असे. जुळलेल्या प्रत्येक चिन्हास १६ गुण. खंड सुरू झाला की ३ वजा, आणि तो लांबत गेला तर पुढील प्रत्येक चिन्हास १ वजा. जुळलेले चिन्ह शब्दारंभी असेल तर अधिक गुण मिळतात : मोकळ्या जागेनंतर वा नावाच्या अगदी प्रारंभी १०, तिरप्या रेघेसारख्या विभाजकानंतर ९, इतर कोणत्याही ‘शब्दबाह्य’ चिन्हानंतर ८. शोधशब्दाच्या पहिल्या चिन्हाचे हे अधिक गुण दुप्पट धरले जातात. सलग जुळणीस निदान ४ अधिक गुण मिळतात. आणि त्या सलग तुकड्याचा प्रारंभ शब्दारंभी झाला असेल, तर प्रारंभीचे अधिक गुण पुढील चिन्हांकडेही वाहत जातात. दोन नावांचे गुण समान झाले तर आखूड नाव वर येते.

ह्या नियमांमागील तर्क उघड आहे. माणूस फाइलीचे नाव आठवतो तेव्हा त्याला शब्दांची आद्याक्षरे आधी आठवतात. म्हणून आद्याक्षरांवर पडलेली जुळणी ही बहुधा हेतुपुरस्सर असते, आणि शब्दाच्या पोटात विखुरलेली जुळणी योगायोगाची. रोमन लिपीतील नावांच्या बाबतीत हा तर्क उत्तम चालतो. देवनागरीत तो कसा वागतो, हे आता पाहावयाचे.

संगणकास ‘ने’ हे एक अक्षर म्हणून ठाऊक नसते. युनिकोड संकेतात ते दोन एकके आहेत : न हे व्यंजन आणि त्यानंतर येणारे एकाराचे चिन्ह. ‘ल्या’ ही चार एकके होत : ल, पाय मोडल्याची खूण, य आणि काना. एफझेडएफ ह्या एककांवरच काम करते. त्यामुळे मात्रा आपल्या व्यंजनापासून विलग होऊ शकते. ‘नवे’ असे टंकले तर ‘नेवासे’ हे नाव जुळते. न पहिला, व मधला, आणि एकार मात्र शेवटच्या ‘से’ वरचा! मराठी वाचकाच्या दृष्टीने ह्या जुळणीस काहीही अर्थ नाही.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. युनिकोड प्रत्येक एककास एक वर्ग नेमून देते. त्यात न, व, स ही ‘अक्षर’ वर्गातील आहेत, परंतु काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडल्याची खूण ही ‘अक्षर’ वर्गात नसून ‘चिन्ह’ ह्या वेगळ्या वर्गात आहेत. वर्गीकरण म्हणून त्यात गैर काही नाही. तथापि एफझेडएफची आज्ञावली प्रत्येक एककाबाबत एवढेच विचारते की हे अक्षर आहे काय, अंक आहे काय, मोकळी जागा किंवा विभाजक आहे काय. ह्यांपैकी काहीच नसेल तर ते शब्दबाह्य. मात्रेच्या वर्गाविषयी तेथे स्वतंत्र विचारणा नाही. परिणामी काना किंवा वेलांटी ही तिच्या लेखी संयोगरेषेसारखी ठरते, आणि तिच्यानंतर येणारे प्रत्येक व्यंजन नव्या शब्दाचा आरंभ मानले जाऊन त्याला ८ अधिक गुण मिळतात.

गणित करून पाहावे. २०२४ साली अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. साहजिकच कोणत्याही संग्रहात दोन्ही नावांच्या फाइली असणार. शोधकाने ‘अनगर’ असे टंकले, तर ते दोहोंत जुळते. ‘अहमदनगर’ मध्ये प्रारंभीच्या अ ला १६ आणि दुप्पट केलेले १० मिळून ३६. ह, म, द हा तीन एककांचा खंड, म्हणून ५ वजा. न ला १६, कारण त्याच्या आधी द आहे. पुढे सलग आलेल्या ग व र ला प्रत्येकी २०. एकूण ८७. ‘अहिल्यानगर’ मध्ये अ ला तेच ३६. परंतु खंड सहा एककांचा, म्हणून ८ वजा. येथवर नवे नाव मागे आहे. पण न च्या आधी काना आहे. म्हणून न ला २४, आणि तेच अधिक गुण वाहत गेल्याने ग व र ला प्रत्येकी २४. एकूण १००. नवे नाव जुन्याच्या वर जाते ते नवे म्हणून नव्हे, अधिक वापराचे म्हणूनही नव्हे, तर ‘ल्या’ ला काना आहे म्हणून.

कान्याला शब्दबाह्य न मानता अक्षराचाच भाग मानले असते, तर अहिल्यानगरला ८४ गुण मिळून क्रम उलटला असता. आणि एकके न मोजता मराठी वाचक मोजतो तशी अक्षरे मोजली, म्हणजे हि व ल्या मिळून खंड दोनच अक्षरांचा धरला, तर ८८ विरुद्ध ८७ असा क्रम पुन्हा फिरला असता. एकाच गुणांकनाने, केवळ एकक कोणते मानावे ह्या प्रश्नाच्या तीन उत्तरांनी, तीन निराळे निकाल येतात. ‘अक्षर म्हणजे काय’ हा वर्गात काहीसा पुस्तकी वाटणारा प्रश्न येथे असा रोकडा होऊन समोर उभा राहतो.

लेखनभेदांच्या बाबतीतही हाच प्रकार. ‘कजत’ टंकले असता ‘कर्जत’ ला ८० गुण मिळतात व ‘करजत’ ला ६९, कारण रफाराच्या पोटात दडलेली पाय मोडल्याची खूण ज ला शब्दारंभाचा मान मिळवून देते. ‘दमबद’ टंकले तर दैमाबादला ९९ आणि दायमाबादला ९०. जेथे मात्रांची संख्या व जागा सारखी, तेथे मात्र गुणही सारखे : ‘कळसबई’ टंकणाऱ्यास कळसूबाई व कळसुबाई यांत पक्षपात आढळणार नाही.

व्यवहारात ह्यातून एक उपाय निघतो. शोधशब्दातून मात्रा गाळाव्यात व व्यंजनांचा सांगाडाच टंकावा. मराठीत हे अपरिचित नाही. ऱ्हस्वदीर्घाचा भेद न पाळणाऱ्या मोडी लिपीत शतकानुशतके व्यवहार चालला, आणि साउंडेक्सनेही स्वरच गाळले. सांगाड्याने ऱ्हस्वदीर्घ, अंत्य एकार-आकार आणि लुप्त अनुस्वार हे तिन्ही भेद एका फटक्यात ओलांडले जातात. क्रम थोडा वाकडा लागला तरी फाइल यादीत येते, हे महत्त्वाचे.

पण सांगाड्यालाही मर्यादा आहे, आणि ती मराठीच्या रूपविचारात आहे. नेवासे ह्याचे सामान्यरूप ‘नेवाशा’ होते. ‘नेवाशाचे उत्खनन’ असे नाव दिलेली फाइल ‘नवस’ ने सापडत नाही, कारण स चा श झालेला आहे. जोर्वे व अकोले येथे ही अडचण नाही. जोर्व्याचे, अकोल्यात ह्या रूपांत मूळ व्यंजने शाबूत राहतात. लेव्हेन्श्टाइनचे अंतरही येथे पुरेसे मदतीस येत नाही. त्याच्या लेखी स आणि श यांतील अंतर जेवढे, तेवढेच स आणि क यांतील. श, ष, स यांना एका गटात, न, ण यांना एका गटात, ल, ळ यांना एका गटात घालून भारित अंतर मोजणारे साधन मराठीसाठी हवे, आणि कोणते ध्वनी किती जवळचे हे ठरविणे हे संगणकतज्ज्ञाचे काम नव्हे.

डोळ्यास न दिसणारे भेद हा आणखी एक प्रांत आहे. ‘भंडारदऱ्याचे धरण’ ह्यातील अर्धा र दोन प्रकारे संकेतबद्ध होतो : एक, ऱ हे स्वतंत्र एकक व पाय मोडल्याची खूण, दुसरा, साधा र, पाय मोडल्याची खूण आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर व कागदावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. तसेच ‘ॲ’ हे २००८ पासून एक स्वतंत्र एकक आहे, परंतु अ व त्यावर चंद्र अशी दोन एकके टंकूनही तेच दिसते. ऱ आणि खाली टिंब दिलेला र यांना युनिकोडचे प्रमाणीकरणाचे नियम समान मानतात. वरील दोन जोड्यांना मात्र ते समान मानीत नाहीत. म्हणजे प्रमाणीकरण करूनही हे भेद उरतातच. देवनागरी ‘१९५४’ आणि आंतरराष्ट्रीय अंकांतील तेच साल हेही शोधसाधनाच्या दृष्टीने दोन असंबद्ध शब्द आहेत. संग्रह सिद्ध करणाऱ्यांनी एकच कळफलक व एकच अंकपद्धती वापरण्याचा दंडक घालून घेतला, तर ह्यातील बराचसा घोळ मुळातच टळतो; अनेक वर्षांत अनेक हातांनी झालेल्या संग्रहात मात्र तो गृहीतच धरावा लागतो.

युनिकोडच्या मांडणीतही हालचाल आहे. वाचकास जाणवणारे अक्षर कोठे तुटते ह्याविषयीच्या तिच्या नियमांत २०२३ साली बदल होऊन देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षरे अखंड मानली जाऊ लागली. त्यापूर्वीच्या नियमांनुसार ‘ल्या’ चे ‘ल्’ व ‘या’ असे दोन तुकडे पडत. शोधसाधनांनी हे एकक स्वीकारले तर ‘नवे’ शोधताना ‘नेवासे’ येण्याचा प्रकार थांबेल. परंतु त्याबरोबरच ‘नवस’ ने ‘नेवासे’ सापडणेही थांबेल, कारण न आणि ने ही दोन भिन्न अक्षरे ठरतील. जुळणीसाठी सांगाडा, क्रमनिर्णयासाठी पूर्ण अक्षर, असा दुपदरी विचार केल्यावाचून हा पेच सुटण्यासारखा दिसत नाही.

शेवटी असे काही भेद राहतात की ज्यांत कोणत्याही गुणांकनाचा इलाज चालत नाही. कर्जत हा तालुका अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे आणि रायगड जिल्ह्यातही. अकोला हे रूप प्रवरेच्या खोऱ्यातील गावाचे असेल किंवा विदर्भातील शहराचे. श्रीगोंद्याचे जुने नाव चांभारगोंदे हे ‘शगद’ ह्या सांगाड्याने कदापि मिळणार नाही. अशा ठिकाणी फाइलीच्या नावातच जिल्हा, तालुका व पर्यायी नाव ही तिरप्या रेघांनी विभागून लिहावीत : ‘अहिल्यानगर/श्रीगोंदे/चांभारगोंदे’. विभाजकानंतरच्या आद्याक्षराला मिळणारे ९ अधिक गुण मग योग्य जागी पडतात, आणि कोणत्याही नावाने शोधले तरी तीच फाइल पुढे येते.